तेरा तारा, बारा शिक्के

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, टोकियोच्या पूर्वेकडील निशी-कासाई या वस्तीतून, जिथे सुटीच्या दिवशी बाजारात हिंदी, तमिळ, तेलुगू आणि अधूनमधून आपली मराठीही कानांवर पडते, मी आगगाडीने निघतो, अर्ध्या तासाच्या अंतरावरील एका जुन्या लाकडी घराच्या दारात बूट काढून त्यांची तोंडे बाहेरच्या बाजूस वळवून ठेवतो, आणि आत चटईवर गुडघे मोडून बसल्यावर, कुशलप्रश्नाच्याही आधी, एक कागदी पाकीट दोन्ही हातांनी पुढे सरकवतो. पाकिटावर बारा चौकोन छापलेले आहेत, एकेका महिन्याचा एकेक. आत त्या महिन्याची फी असते. ती शक्यतो कोऱ्या नोटांत द्यावी असा शिरस्ता असल्यामुळे आदल्या दिवशी बँकेत जाऊन जुन्या नोटांच्या नव्या करून आणण्याची यातायातही मी निमूटपणे करतो. मला कोतो हे तंतुवाद्य शिकवणाऱ्या बाई पाकीट उघडून पाहत नाहीत. धडा संपला की त्या महिन्याच्या चौकोनात आपल्या नावाचा तांबडा शिक्का उमटवून रिकामे पाकीट परत देतात. या फीला जपानीत ‘गेश्शा’ म्हणतात. त्या शब्दाच्या दोन चित्राक्षरांपैकी पहिल्याचा अर्थ महिना आणि दुसऱ्याचा आभार. आभार दरमहा मानावे लागतात आणि त्यांची पावती मिळते, ही व्यवस्था मला प्रथम फार रुक्ष वाटली होती.

नोकरीच्या निमित्ताने मी या देशात आलो तेव्हा माझ्या मनातला जपान हा बहुतांशी चित्रांतला जपान होता, आणि त्या चित्रात कुठे तरी, कागदी दारांच्या आड, सदैव कोतो वाजत असे. प्रत्यक्षात पहिल्या काही महिन्यांत मी जे ‘जपानी’ संगीत रोज नेमाने ऐकले ते मोठ्या दुकानांत, रात्री दारे बंद होण्याच्या सुमारास. एक संथ, किंचित उदास चाल वाजू लागे आणि गिऱ्हाइके मुकाट्याने पैसे चुकते करून बाहेर पडत. मध्यम आणि निषाद वर्ज्य, सरळसरळ भूपाची सुरावट. मी मनाशी ठरवून टाकले की हे येथील एखादे प्राचीन लोकगीत असावे. चौकशीअंती कळले की ती स्कॉटलंडातील ‘ऑल्ड लँग साइन’ची चाल, तीन मात्रांच्या ठेक्यात बसवलेली!

त्या चालीच्या या देशांतराला एक सरकारी इतिहास आहे. १८६८ साली मेइजी राजवट सुरू झाली, आणि पश्चिमेकडील तोफा, आगबोटी व कायदे यांच्याबरोबर पश्चिमेकडील सूरही आणले पाहिजेत, असे नव्या कारभाऱ्यांच्या मनाने घेतले. १८७९ साली शिक्षण खात्याने संगीताच्या तपासासाठी एक स्वतंत्र कचेरीच उघडली. तिच्या प्रमुखपदी इसावा शूजी यांची नेमणूक झाली, अमेरिकेहून ल्यूथर व्हाइटिंग मेसन या संगीतशिक्षकाला पाचारण करण्यात आले, आणि शाळांसाठी निघालेल्या पहिल्याच गीतपुस्तकात ही स्कॉटिश चाल काजव्यांच्या उजेडात अभ्यास करणाऱ्यांविषयीचे जपानी शब्द पांघरून दाखल झाली. चौथा व सातवा स्वर गाळलेली पाश्चात्त्य सप्तके जपानी गळ्याला जड जात नाहीत, हे त्या मंडळींनी अचूक हेरले होते. तेव्हापासून शाळेत संगीत म्हणजे पियानो, समूहगान आणि पुढे पुढे प्लॅस्टिकची बासरी असे समीकरण बसले. कनिष्ठ माध्यमिक शाळेतील मुलांच्या हाती एखादे तरी देशी वाद्य पडावे अशी तरतूद अभ्यासक्रमात आली ती २००२ साली. आपल्याकडे विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, आणि उस्तादांच्या कोठीतली विद्या मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पेटी-तबल्यासह येऊन बसली. त्या खटाटोपात विद्येचे काही नुकसान झाले असे म्हणणारे जाणकार आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. परंतु आज पुण्यातला एखादा कारकून निदान यमन ओळखतो. जपानने शाळेचे दार ज्या संगीतासाठी उघडले ते दुसरेच होते. त्यामुळे मी कोतो शिकू इच्छितो असे कचेरीत सांगितले तेव्हा माझ्या सहकाऱ्यांनी माझ्याकडे जे कौतुकाने पाहिले, त्यात थोडेसे आश्चर्यही मिसळले होते. त्यांच्यापैकी एकानेही ते वाद्य जवळून पाहिलेले नव्हते.

कोतो सुमारे सहा फूट लांब असते. ते किरी नावाच्या अतिशय हलक्या लाकडाचे करतात. मुलगी जन्मली की अंगणात किरीचे झाड लावायचे आणि तिच्या लग्नात त्याचेच कपाट करून द्यायचे, अशी जुनी चाल या देशात होती. या लांबट, किंचित फुगीर पाठीच्या पेटीला वादक लोक आडवा पसरलेला सर्पासारखा ड्रॅगन मानतात, आणि वाद्याच्या निरनिराळ्या भागांना त्याची शिंगे, त्याचे डोळे, त्याचे शेपूट अशी नावे आहेत. तारा तेरा. पूर्वी त्या रेशमाच्या असत, आता बहुधा कृत्रिम धाग्याच्या. प्रत्येक तारेखाली एक सुटी, उलट्या ‘व्ही’च्या आकाराची घोडी असते, आणि ती मागेपुढे सरकवून स्वर लावायचा असतो, पूर्वीच्या हस्तिदंती घोड्यांची जागा आता प्लॅस्टिकने घेतली आहे. पहिल्या दहा तारांची नावे एक ते दहा अशी आकड्यांचीच, मात्र शेवटच्या तिघींना ‘तो’, ‘इ’ आणि ‘किन’ अशी जुनी नावे राहून गेली आहेत. उजव्या हाताच्या अंगठा, तर्जनी व मध्यमा या बोटांना चामड्याच्या वळ्यांत बसवलेल्या नख्या चढवायच्या. इकुता परंपरेत त्या चौकोनी असतात आणि वादक वाद्याशी तिरका बसतो, यामादा परंपरेत टोकदार असतात आणि वादक समोर सरळ बसतो. माझ्या बाई इकुता परंपरेच्या. तिरके बसल्याने गुडघे कमी दुखतात असे मानण्यास काही आधार नाही, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

या वाद्याचा इतिहास आंधळ्या माणसांनी घडवला. मेइजीपूर्वीच्या एदो काळात दृष्टिहीन पुरुषांची ‘तोदोझा’ नावाची एक मोठी संघटना असे आणि तिला राज्यसत्तेचे संरक्षण असे; गाणेबजावणे, अंग रगडणे, सुया टोचण्याची चिकित्सा आणि सावकारीसुद्धा हे त्यांचे व्यवसाय होते. आत पायऱ्यापायऱ्यांचे हुद्दे होते, सर्वांत वरचा ‘केंग्यो’, आणि हुद्दा चढायला गुणांबरोबर मोठ्या रकमाही मोजाव्या लागत. आधुनिक कोतोचा जनक मानला जाणारा यात्सुहाशी केंग्यो (१६१४–१६८५) याच संघटनेतला. क्योतोच्या स्टेशनावर दालचिनीच्या वासाची ‘यात्सुहाशी’ नावाची मिठाई विकत मिळते. ते नाव याच वादकावरून पडले असे एक मत आहे, आणि तिच्यासमोर उभे राहिल्यावर ते मत खरे असावे असे मला मनापासून वाटते. १८७१ साली मेइजी सरकारने ही संघटना एका हुकमासरशी मोडीत काढली. त्याच साली, डोक्यावर वेताची टोपली उपडी घालून बांबूची शाकुहाची बासरी वाजवत भिक्षा मागणाऱ्या फुके पंथाच्या साधूंचा पंथही रद्द झाला. एका वर्षात दोन वाद्यांचे वारस बेकार झाले. त्यांतून जे वाचले ते शिकवण्या करून, आणि शिकवण्यांचा खर्च बारा चौकोनांच्या पाकिटासारख्या साधनांनी भागवून. माझ्या मनातील त्या पाकिटाविषयीचा अनादर हे कळल्यापासून कमी होत गेला.

पहिल्या धड्याला बाईंनी मला वाद्याला हात लावू दिला नाही. ‘तेऽन, तोन, शान’ असे त्या म्हणाल्या आणि मांडीवर टाळी देत मलाही म्हणायला लावले. यात्सुहाशीची म्हणून परंपरेने मानलेली ‘रोकुदान’ ही रचना अशी सुरू होते. आधी बोल तोंडात बसवायचे आणि मग ते बोटांत उतरवायचे. ज्याने लहानपणी तबल्याच्या वर्गात ‘धा धीं धीं धा’ घोकले आहे त्याला यात नवे काय? मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. त्यानंतर बाईंनी घोड्या सरकवून ‘हिराजोशी’ लावली, आणि सगळ्या तारा खालून वर एकदा छेडल्या तेव्हा तर माझ्या अंगावर काटाच आला, कारण जे ऐकू आले ते कोमल ऋषभ, शुद्ध मध्यम, पंचम आणि कोमल धैवत, गांधार-निषाद गायब: साक्षात गुणक्री. पहाटेच्या मैफलीत, अर्धवट उजेडात ऐकलेली ती सुरावट सहा हजार किलोमीटरांवर, शनिवारी दुपारी अडीच वाजता, माझ्यापुढे उभी होती.

या ओळखीने माझे सहा महिने वाया घालवले. मी प्रत्येक स्वर गुणक्रीच्या मायेने लावू लागलो. तार छेडून झाल्यावर डाव्या हाताने घोडीच्या पलीकडे दाबून तो किंचित चढवायचा, ओढून किंचित उतरवायचा, या कोतोतील अलंकारांना मी मींड समजलो, आणि जिथे रचनेत ते नव्हते तिथेही घालू लागलो. बाई सोशिक होत्या. एके दिवशी त्यांनी माझा डावा हात उचलून माझ्याच मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, “तुमचा हा हात फार बोलतो. तार वाजली आहे. आता तिला संपू द्या.” कोतोचा ध्वनी चटकन विझतो, तो विझताना मधल्या जागेत काही न करता बसणे मला जमत नव्हते. गुणक्री हा राग आहे, त्याला चलन आहे, त्यात गवयाने भर घालायची असते. हिराजोशी ही घोड्यांची मांडणी आहे, आणि रोकुदान ही तीन शतकांहून अधिक जुनी बांधलेली रचना. तिच्यात सहा खंड, पहिल्याच्या आरंभीच्या चार जादा मात्रा सोडल्या तर प्रत्येक खंड १०४ मात्रांचा, गती हळूहळू वाढत जाणारी आणि शेवटी पुन्हा मंदावणारी. तिच्यात मला माझे काही घालायचे नव्हते. परदेशात ओळखीचा चेहरा दिसला की आपण धावत जाऊन त्याचा हात धरतो आणि मग कळते की तो माणूस दुसराच आहे. पुष्कळदा तसे झाले.

माझ्याबरोबर शिकणारे दुसरे विद्यार्थी म्हणजे कर खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. वय एकोणसत्तर. सुरुवातीला मी असे गृहीत धरून चाललो होतो की आमच्या त्या लहानशा वर्गात परका मी एकटाच आहे आणि हे गृहस्थ आपल्या घरची वस्तू माळ्यावरून काढून पुसत आहेत. एकदा परतीच्या वाटेवर मी तसे त्यांना बोलून दाखवले तेव्हा ते खळखळून हसले. त्यांच्या बालपणी घरात रेडिओ होता, पण आजीने कोतो वाजवल्याचे कोणाला स्मरत नव्हते. शाळेत त्यांनी बासरी फुंकली होती ती पाश्चात्त्य. आणि बेटोफनच्या नवव्या सिंफनीतील समूहगान मात्र त्यांना मूळ जर्मन शब्दांसह मुखोद्गत होते, कारण डिसेंबर आला की जपानभर हौशी गायकांचे ताफे ती सिंफनी गातात आणि त्यांनी ती अकरा वर्षे गायली होती. (या देशात ती प्रथम संपूर्ण वाजली १ जून १९१८ रोजी, शिकोकू बेटावरील बांदो येथील छावणीत, जर्मन युद्धकैद्यांकडून.) “तुम्ही निदान स्वर ओळखता,” ते म्हणाले. “मला तेही परके. तुमच्याहून मी जास्त परदेशी आहे.” हे त्यांनी विनोदाने म्हटले असले तरी त्यानंतर वर्गाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. आम्ही दोघेही बाहेरून आलो होतो; ते काळातून आणि मी देशांतून.

बाई मात्र आतल्या होत्या, आणि आत असण्याची व्यवस्था मला सर्वस्वी रुचते असे नाही. जपानातील बहुतेक पारंपरिक कला, चहा असो, फुलांची मांडणी असो की वाद्य, ‘इएमोतो’ नावाच्या पद्धतीने चालतात: परंपरेच्या शिखरावर एक घराणे, त्या घराण्याचा प्रमुख म्हणजे जणू वतनदार, त्याच्याखाली अधिकृत शिक्षक, आणि त्यांच्याखाली आमच्यासारखे पाकीटवाले. ठरावीक टप्पा गाठला की फी भरून सनद मिळते, आणखी वर चढले की परंपरेचे नाव लावण्याचा हक्क मिळतो, आणि तोही फुकट मिळत नाही. आपल्या घराण्यांत गंडा बांधताना नजराणा देत असत, उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षे पाणी भरत असत. तो व्यवहार लहरी होता आणि म्हणून काहींना फळला, काहींना नाही. इथे तो छापील आहे. छापील व्यवहारात प्रतिभेला वाव कमी आणि सातत्याला जास्त; शंभर मध्यम प्रतीचे वादक नीट सांभाळले जातात आणि त्यांच्या खांद्यांवर एखादा मियागी मिचिओ उभा राहतो. लहानपणीच दृष्टी गेलेल्या मियागीने (१८९४–१९५६) १९२१ साली सतरा तारांचे खर्जाचे कोतो घडवले, आणि १९२९ साली रचलेले त्याचे ‘हारु नो उमि’ नववर्षाच्या दिवसांत आजही जपानभर दुकानांतून ऐकू येते. त्यासाठी ती वतनदारी पत्करावी काय, याचा निर्णय मी अजून केलेला नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस, आपल्याकडे फराळाची भांडी घासायला निघतात त्या सुमारास, नारा येथील राष्ट्रीय संग्रहालयात शोसोइन भांडारातील वस्तूंचे प्रदर्शन भरते. ७५६ साली सम्राट शोमू वारला आणि सम्राज्ञी कोम्यो हिने त्याच्या नित्य वापरातील वस्तू यादीसकट तोदाइजी मंदिराला अर्पण केल्या. ती यादी व त्या वस्तू सायप्रेस लाकडाच्या त्या भांडारात राजमुद्रेखाली टिकल्या. सुमारे नऊ हजार वस्तूंपैकी दर शरदात काही मोजक्या, दोन-अडीच आठवडे, १९४६ पासून लोकांपुढे येतात, आणि दर वर्षी वेगळ्या. त्यांतली एक म्हणजे पाच तारांची बिवा, शिसवीसारख्या तांबूस लाकडावर शिंपल्याचे जडावकाम, त्यात उंटावर बसून वीणा वाजवणारा माणूस. पाच तारांची ही प्राचीन वीणा भारताकडून मध्य आशियाच्या वाटेने आली, आणि त्या जातीची दुसरी कोठेही उरलेली नाही. जपानी सरस्वती, म्हणजे बेन्झाइतेन, हिच्या हाती तिची चार तारांची बहीण असते. मी पुष्कळ उमेदीने गाडी पकडून गेलो. त्या वर्षी ती बिवा पेटीतच होती.

पण लांबलचक रांगेत उभे राहून जे पाहिले तेही थोडे नव्हते. ७३६ साली बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू चीनमार्गे जपानात उतरला. त्याच्याबरोबर चंपा देशाचा, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या मध्यभागाचा, एक भिक्षू होता, आणि त्या दोघांनी जी गीते-नृत्ये आणली ती राजदरबाराच्या गागाकू संगीतात सामावली. ७५२ साली तोदाइजीच्या महाबुद्धाचे नेत्रोन्मीलन झाले तेव्हा डोळ्यांतील बाहुल्या रंगवण्याचा मान बोधिसेनाला मिळाला; त्याच्या कुंचल्याला बांधलेला निळा दोर जमलेल्या लोकांनी धरला होता, आणि तो कुंचला व तो दोर आजही शोसोइनमध्ये आहेत. त्याच समारंभात मुखवट्यांचा ‘गिगाकू’ नाचही झाला. त्या मुखवट्यांत एक ‘बारामोन’, म्हणजे ब्राह्मण. आणि जुन्या लेखांवरून असे दिसते की गिगाकूतला हा ब्राह्मण रंगभूमीवर येऊन लहान मुलाची दुपटी धूत असे! भारतातून आलेल्या महंताला मुख्य पुरोहिताचा मान आणि त्याच प्रांगणात भारतीय विप्राची ही थट्टा: सोवळ्याच्या आमच्या कल्पना घेऊन मी त्या मुखवट्याच्या काचेपुढे बराच वेळ उभा राहिलो. मागे उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईंनी अदबीने खाकरून पुढे सरकण्याची विनंती केली.

बोधिसेनाच्या परंपरेचाच दुसरा एक नाच पुढल्या वसंतात ओसाकाला पाहिला. शितेन्नोजी मंदिरात दर वर्षी २२ एप्रिलला, दगडी चौथऱ्यावर, पाठीला रंगीत पंख लावलेली चार मुले हातांत लहानशा झांजा घेऊन ‘कार्योबिन’ नाचतात. कार्योबिन म्हणजे आपला कलविंक, सुखावती लोकातला पक्षी. झांजांचा किणकिणाट त्याचा आवाज. मुलांपैकी एक सारखे आईला शोधत होते.

इतर कलांविषयी थोडक्यात सांगतो. नोह नाटकाला मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा पेंगलो, आणि आजूबाजूचे जाणते प्रेक्षकही पेंगत असल्याचे पाहून आश्वस्त झालो. परंतु तेथील दोन ढोलक्या विसरता येत नाहीत. लहान ढोलकीचे घोड्याचे कातडे दमट राहावे लागते, म्हणून वादक मधूनच तिच्यावर श्वास सोडतो आणि मागच्या कातड्याला थुंकीने ओला केलेला कागदाचा कपटा चिकटवतो. तिच्याच शेजारची मोठी ढोलकी मात्र प्रयोगापूर्वी निखाऱ्यांवर खडखडीत वाळवतात. पखवाजाला कणीक चढवताना पाहिलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. शामिसेन या तंतुवाद्याच्या सर्वांत जाड तारेला वरच्या टोकाला मुद्दाम लाकूड निसटते लावून ‘सावारी’ नावाचा झंकार उत्पन्न करतात, ती तर उघडउघड तंबोऱ्याची जवारी, आणि या वेळी मी ओळखीत फसलो नव्हतो. काबुकीत १६२९ साली स्त्रियांना बंदी झाल्यापासून स्त्रीभूमिका पुरुष करतात. गिन्झातल्या नाट्यगृहात एका अंकाचे स्वस्त तिकीट काढून मी सर्वांत वरच्या रांगेत बसलो, आणि बालगंधर्वांना पाहिलेल्या माझ्या आजोबांची फार आठवण झाली. तिथे नटाच्या घराण्याचे नाव मोठ्याने पुकारणारे जाणते रसिक वरच बसतात. वन्समोर मात्र कोणी मागत नाही.

डिसेंबरात बाईंच्या शिष्यांची वार्षिक बैठक झाली. मी आणि करखात्याचे गृहस्थ यांनी रोकुदानचे पहिले तीन खंड एकत्र वाजवायचे ठरले होते. दुसऱ्या खंडात माझी सातव्या तारेखालची घोडी निसटली आणि खाडकन खाली पडली. आवाज सभागृहभर गेला. मी थांबलो. गृहस्थ थांबले नाहीत. त्यांनी मान न वळवता तसेच पुढे वाजवले, बाईंनी बाजूने येऊन घोडी उचलली, ती उभी करून तारेखाली सरकवली, कान लावून तिचा स्वर जुळवला, आणि मी तिसऱ्या खंडाच्या आरंभी पुन्हा त्यांच्यात मिसळलो. नंतर बाई एवढेच म्हणाल्या, की वाजवण्यापूर्वी प्रत्येक घोडीचे पाय बोटाने दाबून पाहावेत. मग त्यांनी डिसेंबरच्या चौकोनात शिक्का मारून भरलेले पाकीट मला दिले, आणि त्याबरोबर पुढील वर्षाचे एक रिकामे.

परतीच्या आगगाडीत गृहस्थ माझ्या शेजारी बसले होते. गुडघे चोळत त्यांनी बोटांवर हिशेब केला. तीन खंड झाले, तीन राहिले. या गतीने वर्षाला एक. “म्हणजे मी बहात्तर वर्षांचा होईन,” ते म्हणाले, आणि त्यांचे स्टेशन आल्यामुळे उतरून गेले.